एआयनं करून दिलेलं टाइमटेबल सोमवारीच का मोडतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि मला नीट समजलंय का तेही तुम्हाला बघता येईल. तुम्ही बेळगावजवळ हिंडलग्याला राहता, कॅम्पातल्या शाळेत शिकवता, संध्याकाळी सहा ते आठ घरी ट्युशन, त्यातून वेळ काढून आठवड्याला सहा ब्लाऊज शिवून देता, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सोमवार-बुधवार-शुक्रवार त्यांना टिळकवाडीला फिजिओला न्यायचं, मुलगा सेकंड पीयूसीला (म्हणजे बारावीला), मुलगी पाचवीला, मिस्टर गोव्यात कामाला, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. आणि एवढ्यात तुम्हाला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास करायचाय. हे सगळं चॅटजीपीटीला सांगितलंत, त्यानं झकास टेबल दिलं, तुम्ही प्रिंट काढून फ्रिजवर लावलंत आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचला ते मोडलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. आता तुम्ही विचारलंय की बरोबर प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला लिहून द्यायची सूचना, कुठली.

मला विचाराल तर प्रॉम्प्टचा दोष रुपयात चार आणे. बारा आणे दोष हा की तुम्ही त्याला एकदम टाइमटेबल मागितलंत, त्याच्या आधीचं एक काम राहिलं.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये २३ वर्षं प्लॅनिंग बघतो. कुठल्या मशीनवर कुठला जॉब (घडवायचा भाग) कधी चढणार, कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, फाउंड्रीतून कधी येणार, माल कधी जाणार, हेच दिवसभर. पहिली काही वर्षं खडूनं फळ्यावर, मग एक्सेल, आणि आता दोनेक वर्षं घरच्या कामांसाठी चॅटजीपीटी आणि जेमिनी दोन्ही वापरतो, दोन्ही फुकटवाली. कंपनीचे ड्रॉइंग वगैरे मी त्यात घालत नाही, ते वेगळं. पण आमच्या घरचा आठवडा, बायकोची ड्युटी, आईचे दवाखाने, येळ्ळूरची थोडी भातशेती, हे सगळं त्याच्याकडूनच लावून घेतो, त्यामुळं त्याची खोड कुठं आहे ते आता बऱ्यापैकी कळलंय.

आमच्या लाइनमध्ये पोरगा नवीन आला की पहिलं शिकवतात ते हे, की शेड्यूल नंतर, आधी लोडिंग. म्हणजे मशीनकडं आठवड्यात तास किती आणि आलेल्या ऑर्डरी मिळून तास किती, एवढंच बघायचं, कधी काय करायचं ते अजून बघायचंच नाही. लोड जास्त असेल तर मग तुम्ही सोमवारी आधी कुठला जॉब लावा नाहीतर मंगळवारी लावा, माल उशिराच जाणार, आणि हे कळायला शुक्रवारपर्यंत थांबायची गरज नसते, ते सोमवारी सकाळीच बेरजेत दिसतं.

आता तुमची बेरीज करूया. काही आकडे तुम्ही दिलेत, बाकीचे मी अंदाजानं धरलेत, तुम्ही तुमचे घाला. आठवड्याचे तास १६८, पंतप्रधानांनाही तेवढेच. झोप रोज ७ धरली तर ४९. शाळा, दारातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंत, पावणेनऊ ते सव्वापाच म्हणजे साडेआठ तास, पाच दिवसांचे साडेबेचाळीस, शनिवारची सकाळची शाळा ५, झाले ४७.५. ट्युशन १० तास, पण वह्या तपासणं आणि उद्याचं काढून ठेवणं रोजचा अर्धा तास तरी आहेच, म्हणून १२.५. स्वयंपाक, डबे, भांडी, कपडे रोज साडेतीन तास म्हणजे २४.५. फिजिओ तीनदा, प्रत्येकी दोन तास, ६. (पाऊण तासाचे दोन तास कसे झाले ते पुढं सांगतो.) ब्लाऊज सहा, एकाला दोन तास, १२. टीईटी दीड तास, आठवड्यातले सहा दिवस, ९. अंघोळ, जेवण, देवपूजा, जरा टेकणं रोज दोन तास, १४. मुलीचा अभ्यास ५. बाजार, बँक, लाइट बिल, दळण वगैरे ४.

मारा बेरीज. १८३.५ होतात. असलेले १६८. साडेपंधरा तास जास्त.

म्हणजे चॅटजीपीटीनं काय केलं असेल तर साडेपंधरा तास कुठंतरी दाबून बसवले. प्रवास खाल्ला, वह्या तपासणं खाल्लं, फिजिओचे पाऊण तास धरले, आणि टेबल भरून दिलं. माणूस असता तर म्हणाला असता, ताई हे बसत नाही. हे यंत्र तसं आपणहून सहसा म्हणत नाही. त्याचं मूळ काम म्हणजे आत्तापर्यंतच्या मजकुरावरून पुढं कुठले शब्द यावेत ते ठरवणं, आणि त्यानं शिकताना जी टाइमटेबलं बघितली असतील ती सगळी नीटनेटकी, सात दिवस सात रकाने, सगळ्या चौकटी भरलेल्या. 'रेल्वेचं दुसरं गेट पडलं, बारा मिनिटं गेली' असं कुणी टाइमटेबलात लिहून ठेवतं काय? त्यामुळं तुम्ही टेबल मागितलं की तो टेबलच देतो, आणि वर 'तुमचं नियोजन खूप छान आहे' असं शाबासकीचं वाक्यही चिकटवतो. त्या वाक्यावर तर मुळीच जाऊ नका.

म्हणून पहिल्या दिवशी त्याला असं सांगा. मी जसं टाइप करतो तसंच देतो:

'मला अजून टाइमटेबल नको. माझी कामं खाली दिलीत. प्रत्येक कामाला दारातून दारात किती वेळ लागतो ते ठरवायला मला एकेक करून प्रश्न विचार, अंदाज स्वतः करू नको. मग आठवड्याची बेरीज कर आणि १६८ च्या वर किती जातंय ते सांग. झोप ७ तासांच्या खाली आणायची नाही.'

शेवटचं वाक्य विसरू नका. मी पहिल्यांदा माझ्या बायकोचा आठवडा असा घातला होता तेव्हा त्यानं पटकन उपाय काढला, पहाटे साडेचारला उठा. बायको म्हणाली, 'काय ओ, त्याला सांगा की तूच ऊठ आणि डबे कर.' खरंच आहे. झोप साडेपाच तासांवर आणली की आठवड्याला साडेदहा तास मिळतात, कागदावर. हे म्हणजे मशीनला तेल घालायचा वेळ काढून टाकायचा आणि प्रॉडक्शन वाढलं म्हणून दाखवायचं. महिन्यानं स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) बसतो.

आणि बेरीज त्यानं केली तरी तुम्ही कॅल्क्युलेटरवर एकदा मारा. हल्ली तो आतल्या आत हिशोबाचा प्रोग्राम चालवून आकडे काढतो तेव्हा बरोबर येतात, पण नुसतं बोलता बोलता मोठी बेरीज केली की कधीतरी तास-दोन तासांची चूक करतो आणि ती पण ठासून सांगतो.

आता फिजिओच्या पाऊण तासाबद्दल. तुमच्या टेबलात ५.१५ ते ६.०० फिजिओ लिहिलेलं, मग ६.०० ला ट्युशन. तुम्हीच आठवा सोमवारी काय झालं असेल. तुम्ही शाळेतून आलात, चप्पल काढली, सासूबाईंना साडी नीट करून वॉकर हातात दिला, तीन पायऱ्या उतरायला चार मिनिटं, रिक्षावाला गल्लीच्या तोंडाला, तिथपर्यंत चालत. मग कॅम्पातून काँग्रेस रोड, आणि रूळ ओलांडून टिळकवाडीत शिरायचं म्हटल्यावर गेट. एक गाडी गेली तरी गेट उघडत नाही, समोरून दुसरी यायची असते. तिथं पोचल्यावर आधीचा पेशंट अजून बेडवर. मग तो पाऊण तास, जो तुम्ही एआयला सांगितला होता. मग हे सगळं उलट्या क्रमानं. दोन तास ही मी दया करून धरलेली संख्या आहे.

आमच्याकडं याला सेटिंग टाइम म्हणतात. जॉबचं मशीनिंग अकरा मिनिटं असतं पण फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) बदलून, टूल लावून, पहिला पीस मोजून ओके करेपर्यंत तीन तास जातात. नवीन माणूस अकरा मिनिटं गुणिले पीस एवढंच धरतो आणि फसतो. एआय पण तसंच, तुम्ही ४५ मिनिटं सांगितलीत तर तो ४५च धरणार. त्याला गेट माहीत नाही, पायऱ्या माहीत नाहीत. ते आपणच सांगायचं.

बरं, दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं तुमचा खरा घोळ इथंच आहे. नुसती आठवड्याची बेरीज जमली तरी भागत नाही. प्रत्येक शॉपमध्ये एक मशीन असं असतं की सगळ्या जॉबना तिथूनच जायचं असतं, बाकीची मशीनं मोकळी असली तरी उपयोग नाही, त्या एकापुढं रांग. तुमच्या आठवड्यात ते मशीन म्हणजे संध्याकाळी पाच ते आठ. सासूबाईंना तेव्हाच, ट्युशनची पोरं तेव्हाच, मुलीला अभ्यासाचं तेव्हाच विचारायचं असतं, ब्लाऊजच्या बायका माप द्यायला तेव्हाच येतात, आणि रात्रीचा स्वयंपाकही तेव्हाच चढायला पाहिजे. रविवारी दुपारी तुमच्याकडं दोन तास मोकळे असले तरी ते सोमवारी साडेपाचच्या कामाला येत नाहीत.

म्हणून दुसरा प्रश्न त्याला असा विचारा की 'सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८ या वेळेवर कुठकुठली कामं हक्क सांगतात, त्यांची रोजची बेरीज किती, आणि यातलं कुठलं काम दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या माणसाकडं जाऊ शकतं का, ते ठरवायला मला प्रश्न विचार.' हे काम तो चांगलं करतो. सांगतो कशासाठी, कारण याला पाठीमागं लागायची लाज नसते. आपला माणूस 'सासूबाईंना दुसरं कुणी नेऊ शकत नाही का' असं विचारायला कचरतो. तो सरळ विचारतो. तुम्ही 'नाही' म्हटलंत तर पुढचा प्रश्न, की मग फिजिओवाले घरी येतात का, शनिवारी दुपारी चालेल का.

तुमच्या जागी मी असतो तर कसं केलं असतं ते सांगतो, पण हे घराघरावर आहे, तुमची पैशाची गरज आणि घरातल्यांचा स्वभाव मला माहीत नाही. फिजिओला विचारलं असतं की सोमवारी घरी येता का, एक तासात होतं. बुधवारी न्यायचं, आणि त्यासाठी बुधवारची ट्युशन बंद, चारच दिवस. तिसरा वार शुक्रवारऐवजी शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. मध्ये किती दिवसांचं अंतर पाहिजे ते मात्र फिजिओनंच सांगायचं, एआयला विचारायचं नाही. यात फिजिओचे सहाचे पाच तास झाले आणि ट्युशनचे अडीच वाचले. भांड्यांना बाई लावायची, निदान परीक्षा होईपर्यंत, आणि सकाळचे डबे भरणं मुलांवर, रोजचा एक तास धरला तरी ७ वाचले. बाजार मिस्टर रविवारी असतात तेव्हा त्यांच्या गळ्यात, २ वाचले.

आणि ब्लाऊज. सहाचे तीन करा असं मी म्हटलं असतं, आणि सगळ्यांचं कटिंग रविवारी एका बैठकीत. तुम्ही आता बहुतेक एक ब्लाऊज कापून शिवून हुक लावून मग दुसरा घेत असणार. मशीन बाहेर काढायचं, दोरा बदलायचा, बॉबिन भरायची, अस्तर शोधायचं, हे प्रत्येक वेळी. माझी आई शिवायची, म्हणून माहिताय, लाल दोऱ्याचे दोन असतील तर ती ते एकापाठोपाठ घ्यायची आणि सगळ्यांची हुकं-हेमिंग संध्याकाळी उंबऱ्यावर बसून हातानं. आमच्या शॉपमध्ये हेच, एका फिक्स्चरचे जॉब एकत्र. एआयला सांगा, 'या तीन ब्लाऊजचे रंग हे, कामं एकत्र बांधून दे, कुठलं काम मशीनवरचं आणि कुठलं हातातलं ते वेगळं कर.' हातातलं काम मुलीचा अभ्यास घेताना होतं, मशीनवरचं होत नाही. असं केलं तर एकाला दोनचे दीड तास धरायला हरकत नाही, तीनाचे साडेचार. बाराचे साडेचार म्हणजे साडेसात वाचले.

सगळे मिळून वीस तास गेले. १८३.५ चे १६३.५ राहिले, म्हणजे साडेचार तास मोकळे. फार नाहीत. पण टीईटीच्या नऊ तासांना मी हात लावला नाही, मुद्दाम. चॅटजीपीटीला विचारलंत तर तो बहुतेक तिथंच आधी कात्री लावेल, कारण त्या कामासाठी दारात कुणी उभं नसतं. तुम्हीपण तेच करत असणार. म्हणून ते त्याला स्पष्ट सांगून ठेवा, की हे तास हलवायचे चालतील, कमी करायचे नाहीत.

ते साडेचार तास टेबलात कुठंतरी 'विश्रांती' म्हणून पसरू देऊ नका. ते एकत्र दोन ठिकाणी ठेवायला सांगा, एक बुधवारी रात्री आणि एक शनिवारी संध्याकाळी, आणि त्यापुढं काहीही लिहायचं नाही. आठवड्यात जे सांडेल ते तिथं जमा होतं. आमच्याकडं मंगळवारी येणारं कास्टिंग गुरुवारी येतं हे इतकं नेहमीचं आहे की शंभर टक्के भरलेलं शेड्यूल घेऊन कुणी आला की मी ते न बघताच परत देतो.

आता आपल्या भागाचं एक वेगळंच दुखणं. मराठीत विचारलं की त्याला वाटतं आपण पुण्यात नाहीतर साताऱ्यात राहतो. खरंच. मी एकदा वर्षाचा अंदाज मागितला तर त्यानं शाळा जूनच्या मध्याला सुरू केली, दिवाळीला मोठी सुट्टी दिली, मुलाला बारावी बोर्ड आणि एमएचटी-सीईटी लावली. आमच्या पोरांच्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उघडतात, मोठी सुट्टी दसऱ्याला, पीयूसीला २०२४ ला एक-दोन-तीन अशा तीन परीक्षा झाल्या, सीईटी कर्नाटकाची वेगळी. १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सरकारी सुट्टी त्याच्या यादीतच नव्हती. शिवजयंती १९ फेब्रुवारीला टाकून मोकळा झाला. बेळगावात वैशाखात शिवजयंती आणि मग चित्ररथांची मिरवणूक, त्या रात्री गावात रिक्षा मिळायची नाही, हे त्याला कुठनं कळणार. डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा हलग्याच्या बाजूला जायचं काम ठेवू नये हे पण त्याला सांगायलाच लागतं.

त्यासाठी मी मोबाइलच्या नोट्समध्ये एक कागद करून ठेवलाय, 'पक्की माहिती' नावाचा. पहिलीच ओळ: 'आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात राहतो, मराठी बोलतो. महाराष्ट्राच्या सुट्ट्या, बोर्ड, बस धरू नको.' त्याच्याखाली न हलणाऱ्या गोष्टी, कुठून कुठं जायला किती वेळ लागतो, कोण काय करू शकतं. तुमच्यात घालायचं तर शनिवारची शाळा सकाळची, बाजारचा वार शनिवार, गौरी-गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि लग्नसराईत ब्लाऊजची गर्दी, असं. दर रविवारी नवीन चॅट उघडायचं, हा कागद पेस्ट करायचा आणि मग या आठवड्याचं बोलायचं. एकच चॅट महिनाभर ओढला की तो आधीचं सांगितलेलं गाळायला लागतो, मग गेल्या आठवड्यातली डॉक्टरची वेळ या आठवड्यात घुसते. सणांच्या तारखा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरातून, तिथीचं काम त्याच्यावर सोडू नका.

शाळेचं कन्नड सर्क्युलर आलं तर फोटो काढून 'यातल्या फक्त तारखा आणि वेळा मराठीत दे' म्हटलं की छान देतो, हा एक मोठा फायदा आहे आपल्याला. माझं कन्नड बोलण्यापुरतं बरं, वाचायला रडकथा. तरी तारीख मूळ कागदावर बोट ठेवून एकदा बघतोच. आणि बोलून टाइप करत असाल तर जरा पुस्तकी बोला, आपलं बेळगावी 'करूलालोय, जाऊलालोय' (करतोय, जातोय) त्याला झेपत नाही, एकदा माझ्या 'येऊलालेत' चं त्यानं काय केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तारखेवरून माझी स्वतःची एक फजिती. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी ६ मे २०२४ ला होती, दुसऱ्या दिवशी आपल्याकडं लोकसभेचं मतदान होतं म्हणून तारीख अजून डोक्यात पक्की आहे. मी हुशारी केली, चॅटजीपीटीकडून सगळ्या महिन्याची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी यादी) करून घेतली आणि कॉम्प्युटरवरनं गुगल कॅलेंडरात इंपोर्ट केली. (मोबाइल ॲपमधनं इंपोर्ट होत नाही, कॉम्प्युटरच लागतो.) फाइलीत तारीख ०६/०५/२०२४ अशी, आपण लिहितो तशी. गुगल तिथं आधी महिना आणि मग दिवस वाचतं. तपासणी जाऊन बसली ५ जूनला. सोमवारी मोबाइल वाजलाच नाही, मी कंपनीत, आई घरी पदर सावरून तयार बसलेली, तिला वाटलं मी विसरलो. ज्या तारखांचा दिवस १२ च्या वरचा होता त्यांना तर त्यानं एररच दिली होती, आणि मी त्या 'नंतर बघू' म्हणून सोडल्या होत्या, तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, काही बिघडलं नाही, पण आईनं ते अजून सोडलेलं नाही. म्हणून सीएसव्ही करून घेत असाल तर सांगा की आधी महिना मग दिवस, शीर्षकाची ओळ इंग्रजीत, आणि इंपोर्ट झाल्यावर निदान तीन नोंदी उघडून बघा. खरं सांगायचं तर तुमच्याएवढ्या कामाला हे कॅलेंडरबिलेंडर लागतच नाही, सासूबाईंच्या वेळा आणि परीक्षेच्या तारखा एवढ्यांनाच अलार्म लावा, बाकी फ्रिजवरचा कागद बरा. तो घरातल्या सगळ्यांना दिसतो, तुमचा मोबाइल फक्त तुम्हाला.

टेबल आल्यावर लावायच्या आधी एक प्रश्न जरूर विचारा: 'हे टेबल कुठं कुठं मोडेल, सगळ्यात आधी मोडणाऱ्या तीन जागा सांग आणि तिथं मोडलं तर काय सोडून द्यायचं तेही सांग.' कौतुक करणारा तोच, दोष काढायला सांगितलं की तेही बऱ्यापैकी काढतो. त्यानं सांगितलेल्यातल्या एकदोन गोष्टी फालतू असतात, एखादी अशी असते की आपल्या लक्षातच आलेली नसते. मला एकदा त्यानं विचारलं की शेतावर जायचा दिवस आणि गाडी सर्व्हिसिंगला टाकायचा दिवस एकच आहे, जाणार कशानं.

आणि बुधवारी रात्री दहा मिनिटं बसायचंच. मोडणार हे धरूनच चालायचं. त्याला अख्खं टेबल नव्यानं करायला सांगू नका, तो मग सगळंच हलवतो, आणि घरातले लोक सोमवारी एक कागद, बुधवारी दुसरा बघून दोन्हीकडं दुर्लक्ष करायला लागतात. आमच्याकडं पुढच्या दोन दिवसांचं शेड्यूल कुलूपबंद असतं, मालक आला तरी बदलत नाही (बरं, मालक आला तर बदलतो, पण कुरकुर करून). तुम्ही त्याला असं लिहा: 'गुरुवार तसाच ठेव. सोमवारपासून एवढी कामं राहिली. शुक्रवार आणि शनिवारमध्ये बसतात तेवढी बसव, बसत नाहीत ती वेगळी सांग, दाबून बसवू नको.' वेगळी सांगितलेली कामं मग तुम्ही बघायची, कुणाला फोन करून चार दिवस मागायचे. तो फोनचा मेसेजही त्याच्याकडून लिहून घेता येतो, पण ब्लाऊजच्या बाईला एआयनं लिहिलेला मेसेज पाठवलात तर ती विचारेल की तब्येत बरी आहे ना, इतकं गोड कसं लिहिलंय. ते आपणच लिहावं.

ट्युशनच्या पोरांची नावं, पालकांचे नंबर, सासूबाईंचे रिपोर्ट यातलं काही त्यात घालू नका, 'विद्यार्थी १', 'घरातले पेशंट' एवढ्यानं काम भागतं.

एक शंका मलाच आहे. मुलगा सेकंड पीयूसीला आहे म्हणून तुम्ही त्याच्यावर काहीच टाकलेलं दिसत नाही, तुमच्या यादीत त्याचं नाव फक्त डब्यापुरतं आहे. आजीला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन रिक्षात बसवायला त्याला पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही शाळेतनं परस्पर टिळकवाडीला पोचू शकता, हिंडलग्याला येऊन परत जायचं वाचतं. आजी एकट्या रिक्षात बसतात का, रिक्षावाला ओळखीचा आहे का, यावर आहे ते. तसं जमत असेल तर बुधवारचे दोन तास दीडवर येतात आणि कदाचित बुधवारची ट्युशन बंद करायच्याऐवजी सातला सुरू करून भागेल. हे त्याला विचारायच्या आधी मुलाला विचारा. आणि पहिल्या आठवड्यात काय मोडलं ते इथंच लिहा, या महिन्यात मला सेकंड शिफ्ट आहे, रात्री साडेअकराच्या पुढं बघतो.